भालेरावांचा फळा

आमच्या सोसायटीच्या फाटकातून आत आलं की डाव्या हाताला एक फळा होता. मूळचा तो सूचनांसाठी. पण सूचना द्यावी असं आमच्याकडे क्वचित काही घडायचं, आणि घडलं तर ते कोणाला सांगू नये असंच कमिटीला वाटायचं. म्हणून त्यावर सुविचार लिहीत. 'हसा आणि हसवा', 'वेळ हाच खरा मित्र' वगैरे. खाली लिहिणाऱ्याचं नाव, सुविचारापेक्षा मोठ्या अक्षरात.

भालेराव निवृत्त झाले आणि पहिल्याच आठवड्यात त्यांनी सेक्रेटरी परबांना फळ्यापाशी गाठलं.

"वेळ हाच खरा मित्र. हे कोणी ठरवलं?"

"ठरवायला कशाला पाहिजे? चांगलं आहे ना?"

"चांगलं आहे हो. पण खरं आहे का, ते तपासायचं कसं?"

परब मालवणकडचे. एरवी ते आमच्यासारखंच मुंबईचं मराठी बोलत, पण रागावले की गावाला जात. "मगे तुमीच लिवा!" असं म्हणून त्यांनी खडूंचा डबा भालेरावांच्या हातात कोंबला. रागाच्या भरात दिलेली ही वस्तू परबांना पुढे कधीच परत घेता आली नाही.

गोरेगाव पूर्वेला, आरे कॉलनीकडे जाणाऱ्या रस्त्याच्या एका गल्लीत आमची सोसायटी. मी भालेरावांच्या समोरच्या दारात राहत असे. ते मूळचे जालन्याकडचे. आयुष्यभर एका विमा कंपनीत, दाव्यांच्या खात्यात होते. लोक जे नुकसान झालं म्हणून सांगतात ते खरंच झालं का, हे बघणं हे त्यांचं काम. तीस-पस्तीस वर्षं पगार घेऊन अविश्वास दाखवल्यावर माणूस कडवट व्हायला हवा. भालेराव झाले नाहीत. ते कोणावर संशय घेत नसत, फक्त प्रत्येक गोष्टीच्या मागे जाऊन बघून येत. एकदा त्यांच्याकडे एका जळालेल्या दुकानाचा दावा आला होता. आतली लाकडी कपाटं मालासकट खाक झाली, असं मालकाचं म्हणणं. भालेराव जाऊन राखेत बसले आणि दिवसभर चाळत राहिले. संध्याकाळी मालकाला म्हणाले, "लाकूड जळतं हे मान्य. खिळे कुठे गेले?" ही गोष्ट ते फार आनंदाने सांगत, पण मालकाला पकडल्याचा आनंद त्यात नसे. राखेलाही काही विचारता येतं, याचा असे.

फळ्याचा नियम त्यांनी लगेच ठरवून टाकला. आधी गल्ली, मग झाड, मग काळ. म्हणजे पहिली बातमी आसपासची, दुसरी झाडाझुडपांची किंवा पाखरांची, तिसरी जुन्या दिवसांतली. पहाटे ते आरेत फिरायला जात, येताना दूध आणत, आणि पिशवी कोपरात अडकवून तसेच फळ्यासमोर उभे राहत. पांढरा अर्ध्या बाह्यांचा बुशशर्ट, खिशात फडकं. अक्षर फार सुंदर नव्हतं, पण दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून वाचता येई.

गल्लीची बातमी साधारण अशी: 'बी विंगसमोरचा खड्डा काल बुजवण्यात आला. बुजवणाऱ्यांनी शेजारी नवा खणला आहे. परिस्थिती पूर्ववत.' किंवा: 'काल आपल्या नाक्यावर एका बाकाचं उद्घाटन झालं. बाकावर तिघे बसू शकतात. बॅनरवर सतरा जण होते.'

झाडांच्या बाबतीत मात्र ते मऊ होत. फेब्रुवारी लागला की फळ्याचा अर्धा भाग झाडांनाच जाई. 'रस्त्याच्या वळणावरच्या काटेसावरीला एकही पान नाही. ती मेली असं समजू नये. तिची तयारी चालली आहे.' मग दहा-बारा दिवसांनी: 'तयारी झाली.' त्या दिवशी ऑफिसला जाताना मी रिक्षावाल्याला वळणावर थांबायला सांगितलं. ते लालभडक झाड मी त्या रस्त्याने इतकी वर्षं जाऊनही बघितलेलं नव्हतं. रिक्षावालाही वर बघत म्हणाला, "हे नवीन लावलंय काय?"

कोकिळेबद्दल त्यांनी एकदा लिहिलं होतं: 'वसंतात गोड गाते ती कोकिळा, हे चूक. जो ओरडतो तो नर. मादी फारसं बोलत नाही, तिला कावळ्याच्या घरात काम असतं.'

त्यांची बायको, मंदाकाकू, पालिकेच्या दवाखान्यात सिस्टर होत्या. भाजी घेऊन येताना त्यांनी ते वाचलं आणि फाटकात उभ्या असलेल्या आम्हा चौघींना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "आमच्या घरचीच बातमी दिलीय. ओरडायला हे, कामाला मी."

"मंदा, मी कधी ओरडतो?"

"बघा. आत्ता कोण बोलतंय?"

काळाच्या बातमीत राजेरजवाडे नसत. आपल्या गल्लीत वीज आली तेव्हा पहिला पंखा कोणाकडे लागला आणि तो बघायला कोण कोण आलं, आरेत जायची पहिली बस कुठून सुटायची, असलं काहीतरी. त्यासाठी ते म्हाताऱ्या माणसांशी तासन्‌तास बोलत, आणि एकाने सांगितलेलं दुसऱ्याला विचारून घेतल्याशिवाय लिहीत नसत. एप्रिलमधल्या जयंतीला फळा निळ्या खडूने लिहिलेला असे. एका वर्षी त्या दिवशी एवढंच होतं: 'घोषणा बाहेर चालू आहेतच. नाक्यावरचं वाचनालय आज सुट्टी असूनही दुपारपर्यंत उघडं आहे.' संध्याकाळी कळलं की ते उघडं ठेवायला त्यांनीच ग्रंथपालाला भरीस घातलं होतं आणि सकाळभर तिथे स्वतः बसले होते.

हळूहळू अशी वेळ आली की भालेरावांच्या फळ्यावर नाही म्हणजे झालंच नाही, असं लोक धरून चालू लागले. पाणी जाणार असेल, रस्ता बंद असेल, गॅसवाला येणार नसेल, पेपरात काहीही असो, बायका गॅलरीतून वाकून फळा बघत. एरवी कोणत्याही दोन विंगचं एकमत होत नसलेल्या सोसायटीत ही लहान गोष्ट नव्हती.

आणि वर्षातून एक दिवस भालेराव खोटं लिहीत.

तो दिवस धुळवडीचा. "शिमगा तुमचा, सूट माझी," ते म्हणत. त्या दिवशी फळ्यावर पाच बातम्या असत. चार खऱ्या, एक थाप. थाप कुठली ते ओळखायचं. ओळखणाऱ्या घरी मंदाकाकूंच्या हातची पुरणपोळी जाई. दुसऱ्या दिवशी सकाळी भालेराव थापेवर काट मारून खाली लिहीत, 'ही खोटी.' रंगाने माखलेली माणसं फळ्यासमोर उभी राहून भांडत. पोळीपेक्षा भालेरावांना पकडण्याची हौस जास्त होती. त्यांची थाप मात्र अशी चोख असे की निम्मी सोसायटी दरवर्षी कोकिळेवर किंवा खड्ड्यावर संशय घेऊन हरायची.

जुन्या रहिवाशांत हा खेळ ज्यांना अजिबात माहीत नव्हता असे एकच गृहस्थ होते. सेक्रेटरी परब. कारण परब दर शिमग्याला गावी जात. गावच्या देवाची पालखी नाचवायला त्यांचा खांदा लागे, आणि पालखी देवळात परत गेल्याशिवाय ते काही मुंबईला फिरकत नसत. बाकीच्यांनीही त्यांना कधी सांगितलं नाही. सोसायटीच्या फळ्यावर खोटं लिहिलं जातं हे सेक्रेटरीला कशाला सांगायचं, असा साधा विचार.

काही वर्षांपूर्वीच्या धुळवडीला चौथी बातमी अशी होती: 'आपल्या फाटकाबाहेर जो उभा दगड आहे, त्याला वसईच्या मोहिमेवर निघालेल्या एका मराठा सरदाराने आपला घोडा बांधला होता.'

तो दगड सगळ्यांच्या पायातला. मुलं त्यावरून उड्या मारत, मी कित्येकदा त्यावर भाजीची पिशवी टेकवली होती. आमच्या इमारती उठायच्या आधी त्या जागी म्हशींचा तबेला होता आणि दगड त्या तबेल्यातला, हे भालेरावांना ठाऊक होतं. इतरांनाही असणार असं त्यांनी धरलं. "इतकी सोपी थाप आजवर मारली नव्हती," ते नंतर म्हणाले. "पोरंसुद्धा ओळखतील असं वाटलं होतं."

जुन्या लोकांनी ओळखलीच. पण परबांच्या नव्या सुनेने, सासऱ्यांना मजा वाटेल म्हणून, फळ्याचा फोटो काढून गावी पाठवला. पाचही बातम्या फोटोत मावेनात, तेव्हा जवळ जाऊन तिने फक्त चौथीचा काढला. परबांना तो देवळाच्या आवारात मिळाला. भालेरावांचं अक्षर. म्हणजे खरंच. त्यांनी तो तिथल्या तिथे सगळ्यांना वाचून दाखवला. कोणीतरी विचारलं, सरदाराचा नाव काय? दुसरं कोणीतरी म्हणालं, त्या मोहिमेत आपल्याकडचे परब होते म्हणतात. पालखी देवळात जाईपर्यंत सरदार परब झाला होता.

"नाव लिहिलं नाही ही माझी चूक," भालेराव म्हणत. "रिकामी जागा दिसली की माणूस आपलं आडनाव भरतो."

दुसऱ्या दिवशी 'ही खोटी' असं फळ्यावर आलं, पण त्याचा फोटो कोणी काढला नाही.

परब मुंबईला परतले ते छाती काढूनच. आले तसे ते आमच्या भागातल्या एका पुढाऱ्याकडे गेले. त्यांना सगळे भाऊ म्हणत. भाऊंना इतिहासाचं प्रेम होतं, विशेषतः ज्याच्याभोवती रेलिंग घालता येईल अशा. त्यांनी दगड पाहिला, त्याला हात लावून तो हात कपाळाला लावला, आणि इथे संगमरवरी पाटी बसवायची असं जाहीर केलं. शिवाय ऐतिहासिक वास्तूकडे जाणारा रस्ता असा असू नये म्हणून गल्लीचं डांबरीकरणही होऊन जाईल, म्हणाले. पावसाळ्यात गुडघाभर पाण्यातून वाट काढत आम्ही ज्या डांबरीकरणाची वाट बघत होतो ते एका घोड्याने आणलं.

भालेराव त्याच संध्याकाळी परबांच्या घरी गेले. मंदाकाकू म्हणाल्या म्हणून मीही सोबत गेले. "हे एकटे गेले तर फक्त मुद्दे मांडतील," त्या म्हणाल्या.

"परब, ती शिमग्याची थाप होती."

परबांनी चहाचा कप खाली ठेवला. "कसली थाप?"

"घोड्याची. दर धुळवडीला एक थाप असते. सगळ्यांना विचारा. त्या दगडाला म्हशी बांधायचे."

परबांनी आळीपाळीने आम्हा दोघांकडे बघितलं. "नऊ-दहा वर्षं तुम्ही खरंच लिवलंत," ते सावकाश म्हणाले. "आणि आमचो सरदार निघालो तेव्हाच ती थाप झाली? भालेराव, माका सगळा समाजता. तुमका झोंबला."

"अहो, सरदार तुमचा आहे असं मी कुठे—"

"झोंबला!"

बाहेर पडल्यावर भालेराव जिन्यात थांबले. मला म्हणाले, "दावा खोटा आहे असं स्वतः दावेदारच सांगतोय. आमच्या खात्यात असं कधी झालं नव्हतं."

पाडव्याला समारंभ झाला. नवं डांबर, वर रांगोळी, मांडव, ढोल. भाऊंबरोबर बरीच माणसं आली, आणि त्यांच्या फोटोंमुळे फाटक दिसेनासं झालं. पाटीवर घोडा होता, सरदार होता, आणि खाली 'संशोधन: श्री. भालेराव' असं कोरलेलं होतं. शाल द्यायला भालेरावांचं नाव पुकारलं. जायचं नाही असं त्यांनी ठरवलं होतं, पण आयत्या वेळी ते उठले. मंदाकाकूंनी माझा हात घट्ट धरला.

शाल खांद्यावर पडू द्यायच्या आधीच भालेरावांनी माइक घेतला. "मी काही संशोधन केलेलं नाही," ते म्हणाले. "ही धुळवडीची गंमत होती. इथे सरदार आला नव्हता. इथे म्हशी होत्या."

मग भाऊ पुढे झाले आणि त्यांनी भालेरावांना मिठी मारली. "बघा!" ते गर्दीकडे वळून म्हणाले. "याला म्हणतात नम्रता! एवढा मोठा शोध लावला, आणि म्हणतात मी काही केलंच नाही!"

टाळ्यांचा जो कडकडाट झाला तसा त्या गल्लीत पुन्हा झाला नसेल. भालेराव शाल घेऊन परत येऊन बसले. मंदाकाकू म्हणाल्या, "चांगली आहे शाल. गरम वाटते."

"मंदा, मी खरं सांगितलं."

"हो. ऐकलं मी. मी एकटीनेच."

इथवर ते हसण्यावारी नेता आलं असतं. पण ज्यांनी समारंभात त्यांचं बोलणं नीट ऐकलं होतं, त्यांचं वेगळंच झालं. भालेराव खोटं लिहू शकतात हे नव्या बिऱ्हाडांना त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. धुळवडीचा खेळ त्यांना ठाऊक नव्हता. मग फळ्यासमोर नवीनच प्रश्न ऐकू यायला लागला.

"काका, हे खरं, की शिमगा?"

प्रथम चेष्टेत. मग सवयीने. पांगारा फुललाय लिहिलं, तरी 'शिमगा!' असं म्हणत पोरं पळत. एकाने तर थट्टेने फळ्याखाली खडूने घोडा काढून ठेवला. भालेराव तो न पुसता त्याच्या वर लिहीत राहिले. चेहऱ्यावर काही दिसत नसे. पण ते फळ्यासमोर पूर्वीपेक्षा जास्त वेळ उभे राहायला लागले होते, लिहून झाल्यावरही. कोणी वाचतं का ते बघत.

मग एका संध्याकाळी त्यांनी लिहिलं: 'उद्या दिवसभर पाणी नाही. मोठ्या जलवाहिनीचं काम आहे.' दोन्ही विंगमधल्या बायकांनी गॅलरीतून वाचलं. माझ्या वरच्या मजल्यावरून आवाज आला, "अगं भरू नको, घोडेवाल्यांचं आहे!" आणि खरोखर कोणी भरलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला सगळी सोसायटी कोरडी. मंदाकाकूंचे सगळे हंडे-बादल्या मात्र भरलेले. त्यांच्या दारात रांग लागली. काकू प्रत्येकीला तांब्याने पाणी घालत होत्या आणि प्रत्येकीला विचारत होत्या, "हे खरं, की शिमगा?" बायका हसत, शरमत, पाणी घेऊन जात. मला वाटलं, भालेराव आता तरी खूश होतील. मी आत डोकावले तर ते खिडकीशी बसले होते.

"काका, बघा, तुमचंच खरं निघालं."

"निघालं ना," ते म्हणाले. "पण कोणाच्या उपयोगी नाही पडलं. खरं लिहून जर माणसं तहानलेली राहणार असतील, तर फळा कशाला?"

त्यानंतर फळा कोराच राहिला. नुसता कोरा नाही, त्यांनी तो ओल्या फडक्याने स्वच्छ पुसून ठेवला. घोडासुद्धा गेला. सकाळी फिरून येत, पिशवी सांभाळत सरळ वर जात. सोसायटीला याचं दुःख होईल असं कोणाला वाटलं नव्हतं, पण झालं. फाटकातून आत येताना मान डावीकडे वळायची आणि काळा चौकोन बघून परत सरळ व्हायची. आरेत काय फुललं, कोणालाच माहीत नव्हतं.

सर्वांत जास्त अडचण परबांची झाली. एक दिवस ते भालेरावांच्या दारात आले. दार उघडंच होतं आणि माझंही, त्यामुळे सगळं ऐकू आलं.

"टाकी धुवायची नोटीस लावली. कोणी वाचली नाही. सगळ्यांच्या अंगावर साबण आणि नळाला पाणी नाही. माका शिव्या पडल्या."

"मग मी काय करू?"

"लिवा! माझी नोटीस कोण वाचीत नव्हता ओ. तुमची बातमी वाचायचे, बाजूक माझी नोटीस होती म्हणून डोळा पडायचा."

"परब, मी लिहिलेलं कोणाला खरं वाटत नाही. तुम्हालाही नाही. मी दगडाबद्दल सांगितलं ते तुम्हाला खरं वाटतं का?"

परब प्रामाणिक माणूस. "नाय," म्हणाले.

भालेरावांनी चपला घातल्या. "चला खाली."

मीही गेले, मंदाकाकूही आल्या. दुपारची वेळ, गल्लीत कोणी नव्हतं. रेलिंगला झेंडूची सुकलेली माळ लटकत होती. भालेराव रेलिंगमधून वाकून दगडाजवळ उकिडवे बसले आणि परबांनाही त्यांनी खाली बसायला लावलं. दोघांचेही गुडघे वाजले.

"तुमच्या गावी घोडा नसेल, पण बैल आहेत ना? इथे हात लावा. खाच लागते का?"

परबांनी दगडावरून हात फिरवला. "लागता."

"दोरी घासून घासून पडलेली आहे. एक रात्र घोडा बांधून अशी पडत नाही, वर्षानुवर्षं जनावर बांधावं लागतं. आता सांगा, केवढ्या उंचीवर आहे?"

खाच जमिनीपासून जेमतेम वीतभर वर होती. परबांनी ती बोटांनी पुन्हा चाचपली. उठले, दगडाच्या टोकाला हात लावला, तिथे सगळं गुळगुळीत. पुन्हा बसले.

"घोडो हडे बांधूचो नाय कोण," खाचेवर बोट ठेवून ते अखेर स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले. "पाय अडाकतलो दोरीत. हडे बांधतत म्हस. बसली तरी मान ताणता नये म्हणून." मग भालेरावांकडे वर बघत, "म्हशीचीच मां ही!"

"मी काय सांगत होतो?"

"तुमी सांगत होतात ओ," परब हात झटकत म्हणाले. "दाखवलात खंय?"

भालेराव उकिडवे बसल्या बसल्या त्यांच्याकडे बघत राहिले. मंदाकाकू म्हणाल्या, "उठा आता दोघे, नाहीतर तुम्हालाही इथेच बांधावं लागेल."

पाटी काही गेली नाही. संगमरवराला चूक मान्य करायची पद्धत नसते, आणि भाऊंनाही. पण त्या संध्याकाळी परबांनी भेटेल त्याला दगडापाशी नेऊन खाली बसवलं आणि हात लावायला लावला. सरदार गेल्याचं दुःख त्यांनी म्हशीच्या शोधाने भरून काढलं. शोध त्यांनी स्वतःच लावला असं त्यांच्या बोलण्यात दोन दिवसांतच यायला लागलं, आणि भालेरावांनी ते दुरुस्त केलं नाही. असं त्यांनी आयुष्यात बहुधा एकदाच केलं असेल.

फळा पुन्हा सुरू झाला. गल्ली, झाड, काळ, सगळं पूर्वीसारखं. फक्त प्रत्येक बातमीखाली आता आणखी एक ओळ असे. 'पाणी उद्या नाही. खात्री: पंप रूमशेजारी पालिकेचा कागद चिकटवला आहे, वाचा.' 'कुसुंबाला लाल पालवी आली आहे, ती फुलं नव्हेत. खात्री: शाळेच्या मागे, हात पोचतो अशी फांदी आहे.' 'या रस्त्याने पूर्वी फक्त दुधाच्या गाड्या जात. खात्री: चक्कीवाल्या आजींना विचारा, पण चारनंतर, त्या झोपतात.' सुरुवातीला लोक त्यांना खोटं पाडायला म्हणून जायला लागले. मग सवय लागली. सकाळी आरेच्या रस्त्याला आमच्या सोसायटीची एवढी माणसं दिसायला लागली की बसचे कंडक्टर विचारत, काही आहे का आज?

त्याच वर्षी मेच्या अखेरीस आम्ही मुलुंडला राहायला गेलो. निघायच्या दिवशी फळ्यावर होतं: 'जुन्या बस थांब्यामागच्या सुक्या फांदीत तांबट पक्ष्याने भोक पाडून घर केलं आहे. खात्री: खाली उभे राहा. डोकं बाहेर येतं.'

सामान टेम्पोने पुढे गेलं होतं. म्हटलं, जाता जाता बघू. रिक्षा थांब्यापाशी थांबवली तर तिथे आधीच माणसं. परब होते, त्यांची सून होती, मंदाकाकू, बी विंगमधले काही जण. सगळ्यांच्या माना वर. फांदीत गोल, सुबक भोक, आणि भोकात नुसता अंधार. भालेराव जरा बाजूला, हात मागे बांधून उभे. बराच वेळ काही झालं नाही. कोणीतरी घड्याळ बघितलं. कोणीतरी हळूच म्हणालं, "शिमगा?" आणि दुसऱ्याने त्याला गप्प केलं. भालेरावांच्या मानेची शीर ताठ झालेली मला दिसत होती. दुसऱ्या कोणाला दिसली नसेल, सगळे फांदीकडे बघत होते.

मग भोकातून एक हिरवं डोकं बाहेर आलं. कपाळावर कुंकवासारखा लाल ठिपका. इकडे बघितलं, तिकडे बघितलं, आत गेलं.

"इलो!" परब ओरडले. "बघलंस गे? बघलंस?" सगळे एकदम बोलायला लागले, एकमेकांना पुन्हा पुन्हा तेच सांगायला लागले. मंदाकाकूंनी हात जोडून तांबटाला नमस्कार केला.

"आलं का बाहेर?" भालेरावांनी विचारलं.

"इलो म्हणजे? एवढो मोठो लाल टिळो! तुमी खंय बघीत होतात?"

भालेराव आमच्याकडे बघत होते. सगळे चहा प्यायला टपरीकडे निघाले, परब त्यांचा हात धरून ओढायला लागले, तेव्हा ते म्हणाले, "तुम्ही व्हा पुढे. आलोच मी."

माझी रिक्षा सुरू झाली. वळणापर्यंत मी मागे बघत होते. टपरीवर आमच्या सोसायटीचा गलका, आणि झाडाखाली एकटे भालेराव, दुधाची पिशवी कोपरात, मान वर करून ताटकळत उभे.